सूर आधी, अर्थ नंतर : ज्यू हझान आणि घरातले धर्मशिक्षण

रविवारी सकाळी अमेरिकेतल्या एखाद्या उपनगरातील सिनेगॉगसमोर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळासमोर, गाड्यांची रांग लागते. मागचे दार उघडते, दप्तर सावरत मूल उतरते, आणि आई किंवा वडील गाडी तशीच पुढे काढून किराणा आणायला किंवा कॉफी प्यायला निघून जातात. दोन-अडीच तासांनी तीच रांग पुन्हा लागते आणि मुले घरी जातात. आत वर्गात मूल शुक्रवारच्या संध्याकाळी मेणबत्त्या लावताना म्हणायचा आशीर्वाद शिकलेले असते. पण घरी शुक्रवारी मेणबत्त्या लागतच नाहीत. हिब्रू मुळाक्षरे शिकलेली असतात. पण घरात हिब्रू वाचणारे कोणी नसते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील ज्यू शिक्षकांना या व्यवस्थेतली खोट हळूहळू जाणवू लागली, आणि ती आपल्याकडच्या एका म्हणीत नेमकी सांगता येते : आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

या प्रश्नातून जे काम उभे राहिले त्याला ज्यू कुटुंबशिक्षण म्हणतात. 1980 च्या दशकात ते एक स्वतंत्र क्षेत्र म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि त्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ जुडाइझममध्ये व्हिझिन इन्स्टिट्यूट ही संस्था केवळ याच कामासाठी सुरू झाली. त्यामागची कल्पना ऐकायला साधी आहे, पण ती अमलात आणताना शाळेची सगळी घडी मोडावी लागते. विद्यार्थी म्हणजे मूल नव्हे, तर अख्खे घर. आणि त्या घरातही सर्वांत जास्त शिकायचे असते ते आई-वडिलांना. मुलाला कोणत्याही वयात नवे काही शिकताना संकोच वाटत नाही. वकिली किंवा डॉक्टरकी करणाऱ्या चाळिशीच्या माणसाला मात्र आपल्या आठ वर्षांच्या मुलीसमोर परक्या लिपीतली ओळ अडखळत वाचणे नको असते, आणि म्हणूनच तो गाडी पुढे काढून निघून जातो. माझ्या मते आळस किंवा अनास्था यांपेक्षा ही लाजच अधिक खरी अडचण आहे.

गाण्याचे महत्त्व नेमके येथे सुरू होते. गाताना अडखळण्याची लाज वाटत नाही, कारण पुढचा शब्द शेजाऱ्याच्या तोंडून ऐकून आपल्या तोंडात येतो. गणपतीत आरती म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको. ‘फणिवरबंधना’ या शब्दाचा अर्थ न कळता, किंबहुना तो ‘फळीवर वंदना’ असा बिनदिक्कत म्हणत, पिढ्यान्‌पिढ्या मुले ती आरती पाठ करत आली आहेत. चाल पक्की बसते, शब्द चालीला लोंबकळत येतात, आणि अर्थ पुढे कधीतरी, एखादेवेळी विशीत, ध्यानात येतो. ज्यू परंपरेत हा क्रम अपघाताने आलेला नाही. तो सांभाळण्यासाठी एक स्वतंत्र पदच आहे, आणि सिनेगॉगमध्ये गाऊन प्रार्थना चालवणाऱ्या त्या पदावरील व्यक्तीला हझान म्हणतात.

हझान म्हणजे रब्बी नव्हे, आणि पुरोहितही नव्हे. रब्बी हा मुळात शिक्षक आणि धर्मशास्त्राचा जाणकार असतो. पुरोहितांचे, म्हणजे कोहेन घराण्यांचे, काम जेरुसलेमच्या मंदिरातील होमबलींशी जोडलेले होते, आणि इ.स. 70 मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर पाडल्यावर ते संपले. त्यानंतर उपासना सिनेगॉगमध्ये, शब्दांच्या आणि सुरांच्या आधारे होऊ लागली. हझान हा शब्द आरंभी सिनेगॉगची देखभाल करणाऱ्या सेवकासाठी वापरला जात असे. पुढे प्रार्थना चालवणाऱ्याला तो रूढ झाला. प्रार्थना चालवणाऱ्याला हिब्रूत आणखी एक नाव आहे, ‘शलिआख त्झिबूर’, म्हणजे समुदायाचा दूत. छापील पुस्तके नव्हती त्या काळात अनेकांना संपूर्ण प्रार्थना पाठ नसत. अशा माणसाने हझानाचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकून ‘आमेन’ म्हटले की त्याचीही प्रार्थना झाली असे मानले जाई. तेव्हा या पदाची मूळ जबाबदारी गायनाची नसून प्रतिनिधित्वाची आहे. ज्याला शब्द येत नाहीत त्याच्या वतीने उभे राहणे हे हझानाचे काम, आणि ज्याला येत नाहीत त्याला ते यावेत यासाठी झटणे हेही त्याचेच काम. या दोन कामांत एक ताण आहे, कारण पहिले फार उत्तम झाले तर दुसऱ्याची गरजच कोणाला वाटत नाही. त्या ताणाकडे आपल्याला पुढे परत यायचे आहे.

हझान जे गातो ते त्याच्या मनाला येईल त्या चालीत नसते. प्रार्थनेचा प्रकार, दिवस आणि वेळ यांनुसार ठरलेले स्वरसमूह आणि ठरलेली वळणे असतात. त्या व्यवस्थेला नुसाख म्हणतात. रागांच्या वेळा पाळणाऱ्या श्रोत्याला ही कल्पना परकी वाटणार नाही. आठवड्यातल्या साध्या सकाळचा नुसाख वेगळा, शब्बाथच्या म्हणजे शनिवारच्या सकाळचा वेगळा, आणि वर्षारंभ व प्रायश्चित्तदिन या मोठ्या दिवसांचा अगदी निराळा. डोळे मिटून सिनेगॉगमध्ये शिरलेल्या जाणत्या माणसाला चार ओळी ऐकताच आज कोणता वार आणि कोणती प्रार्थना चालू आहे हे कळते. त्या चौकटीत हझानाने आपली कल्पकता दाखवायची असते, आणि चौकट मोडली तर जुने लोक ते खपवून घेत नाहीत.

सुराचे बळ किती, हे पाहायचे असेल तर प्रायश्चित्तदिनाच्या म्हणजे योम किप्पूरच्या आदल्या संध्याकाळी म्हटला जाणारा ‘कोल निद्रे’ पाहावा. त्याचे शब्द अरामी भाषेत आहेत आणि त्यांत स्तुती नाही, याचना नाही. माणसाने ईश्वराला दिलेल्या पण पाळता न आलेल्या वचनांतून आणि शपथांतून मुक्त होण्याचा तो जवळजवळ एक कायदेशीर मसुदा आहे. मसुदा कोणी वाचून दाखवला तर त्यात डोळ्यांत पाणी यावे असे काही सापडणार नाही. परंतु हझान तो तीन वेळा म्हणतो, पहिल्यांदा जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू, दुसऱ्यांदा थोडे मोकळ्या आवाजात आणि तिसऱ्यांदा भरगच्च आवाजात. आणि वर्षभर सिनेगॉगची पायरी न चढलेली माणसेही त्या संध्याकाळी, त्या चालीसाठी येतात.

मुलांच्या शिक्षणात याहून अधिक कामाची दुसरी एक स्वरव्यवस्था आहे, ती तोरावाचनाची. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तके, ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ. सिनेगॉगमध्ये वाचली जाणारी तोराची गुंडाळी चर्मपत्रावर हाताने लिहिलेली असते आणि तीत केवळ व्यंजने असतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार सगळे पुसून टाकलेले, वर पूर्णविरामही नसलेले मराठीचे पान डोळ्यांसमोर आणावे. ‘मलग’ ही अक्षरे म्हणजे ‘मुलगा’ की ‘मुलगी’ की ‘मुलगे’ हे वाचणाऱ्याने आधीच जाणलेले असले पाहिजे. स्वरचिन्हे आणि गायनचिन्हे इसवी सनाच्या सुमारे सातव्या ते दहाव्या शतकांत, मुख्यतः तिबेरिया येथील विद्वानांनी पक्की केली. ती छापील पुस्तकांत असतात, गुंडाळीत नसतात. प्रत्येक शब्दावर किंवा शब्दाखाली एक चिन्ह असते आणि ते तीन कामे एकदम करते : आघात कोठे द्यायचा ते सांगते, वाक्य कोठे तोडायचे ते सांगते, आणि शब्द कोणत्या छोट्या स्वरवळणात म्हणायचा ते सांगते. चिन्हे सगळ्या ज्यू समाजांत सारखीच आहेत. पण त्यांचे स्वर पोलंडच्या परंपरेत निराळे, येमेनच्या निराळे आणि बगदादच्या निराळे.

तेराव्या वर्षी मुलगा बार मित्झ्वा होतो, म्हणजे धर्माज्ञा पाळण्याची जबाबदारी त्याच्यावर येते, आणि त्या निमित्ताने तो समाजासमोर तोरातला एखादा भाग वाचतो. मुलींसाठी ही प्रथा बरीच उशिरा आली; अमेरिकेत 18 मार्च 1922 रोजी न्यूयॉर्कमध्ये ज्युडिथ कॅप्लन या मुलीने सिनेगॉगमध्ये केलेले वाचन हा तेथील पहिला बॅट मित्झ्वा समजला जातो. ती रब्बी मोर्डेकाय कॅप्लन यांची मुलगी. या वाचनाची तयारी अनेक ठिकाणी हझानच करून घेतो आणि ती बरेच महिने चालते. सरावाच्या पुस्तकात दोन रकाने असतात : एकात सर्व चिन्हांसह मजकूर, शेजारच्या रकान्यात तोच मजकूर गुंडाळीत असतो तसा उघडाबोडका. मूल पहिल्या रकान्यावरून गाते, मग दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवून तेच पुन्हा गाते, अडले की नजर चोरून पहिल्या रकान्याकडे जाते. प्रत्यक्ष दिवशी मात्र चोरायला पहिला रकाना नसतो. हातात चांदीची छोटी दर्शककाडी असते, आणि बाजूला उभी असलेली जाणती माणसे उच्चार चुकला की तेथल्या तेथे सुधारतात. ही दुरुस्ती अपमान मानला जात नाही. मोठमोठ्यांचीही होते.

आता एका चिन्हाकडे जरा जवळून पाहू, कारण कल्पक कुटुंबशिक्षण म्हणजे काय ते त्यावरून चांगले कळते. ‘शलशेलेत’ म्हणजे साखळी. शब्दावर वरच्या बाजूला वेड्यावाकड्या उभ्या रेघेसारखे हे चिन्ह काढतात, आणि त्याचा स्वर लांबलचक, वर-खाली हेलकावे खाणारा असतो. संपूर्ण तोरात ते केवळ चार ठिकाणी येते. त्यांपैकी एक जागा लोटाच्या कथेत आहे : शहराचा नाश होणार आहे, देवदूत निघण्याची घाई करत आहेत, ‘परंतु तो रेंगाळला’. त्या ‘रेंगाळला’ या शब्दावर शलशेलेत आहे. दुसरी जागा योसेफाची : धन्याची बायको त्याला गळ घालते, ‘परंतु त्याने नकार दिला’. ‘नकार दिला’ या शब्दावर शलशेलेत आहे. हुशार हझान अशा वेळी मुलाला नुसते पाठ करायला सांगत नाही. तो मुलगा, त्याची आई, वडील, जमल्यास आजोबा यांना एकत्र बसवतो, हिब्रूचा एकही शब्द न समजावता ती ओळ गाऊन दाखवतो आणि विचारतो : हा सूर इतका लांब का असेल? नकार द्यायला इतका वेळ का लागला? तेरा वर्षांचा मुलगा आणि पंचेचाळिशीतला बाप या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे देतात, कारण मोहाचा आणि संकोचाचा दोघांचा अनुभव निराळा असतो. आणि त्या घरात कदाचित पहिल्यांदाच बाप मुलापुढे परीक्षक म्हणून न बसता सहाध्यायी म्हणून बसलेला असतो. हिब्रू येत नसलेल्या माणसालाही तो लांबलेला सूर ऐकू येतो. तेवढ्या भांडवलावर चर्चा सुरू होते.

हे तंत्र आधुनिक दिसत असले तरी त्यामागची दृष्टी फार जुनी आहे. तोरातच ‘अनुवाद’ नावाच्या पाचव्या पुस्तकात आज्ञा आहे की या गोष्टी आपल्या मुलांच्या मनावर बिंबव, घरी बसलेला असताना आणि वाटेने चालत असताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोलत जा. शिकवण्याचे मूळ ठिकाण घर आणि मूळ शिक्षक आई-वडील, शाळा नंतरची. पेसाखच्या, म्हणजे वल्हांडणाच्या, रात्री होणारे ‘सेदेर’ हे भोजन तर पूर्णपणे मुलांना केंद्रस्थानी ठेवून रचलेले आहे. इजिप्तच्या दास्यातून सुटकेची कथा त्या रात्री सांगायची असते; पण ती सांगण्याआधी घरातल्या सर्वांत लहान मुलाने गाऊन विचारायचे असते की ही रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का? मूल विचारू शकत नसेल तर वडिलांनी त्याला विचारायला शिकवावे आणि मुलाच्या समजुतीप्रमाणे सांगावे, असे सुमारे अठराशे वर्षांपूर्वी संकलित झालेल्या मिश्ना या धर्मनियमांच्या ग्रंथात नमूद आहे. त्या रात्री मुलांना झोप लागू नये म्हणून भाजलेले दाणे आणि अक्रोड वाटावेत, असेही तल्मूद या मिश्नावरील चर्चेच्या ग्रंथात आले आहे. बेखमीर भाकरीचा एक तुकडा लपवला जातो, मुलांनी तो शोधायचा, आणि तो परत मिळाल्याशिवाय मोठ्यांना भोजनविधी पुरा करता येत नाही, त्यामुळे बक्षिसासाठी मुले चांगलीच घासाघीस करतात. शेवटी एका करडाचे गाणे येते : करडाला मांजराने खाल्ले, मांजराला कुत्रा चावला, कुत्र्याला काठीने मारले, असे ते कडव्यागणिक वाढत जाते. रात्री उशिरापर्यंत पेंगुळलेली मुले एवढ्याशा गाण्यासाठी जागी असतात. इतकी विचारपूर्वक आखलेली पाठयोजना मी तरी आजच्या कोणत्या शाळेत पाहिलेली नाही.

मग हे घरातले गाणे बंद का पडले? त्याची कारणे अनेक आहेत : युरोपातून अमेरिकेला झालेले स्थलांतर, कामाचे शनिवार, हिब्रू न येणारी पिढी, आणि नाझींनी केलेला युरोपीय ज्यूंचा संहार, ज्यात गाणारी घरे आणि गावेच्या गावे नाहीशी झाली. परंतु एक कारण खुद्द हझानाच्या वैभवात दडलेले आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या सिनेगॉगमध्ये सालोमोन सुल्झर यांनी हझानाच्या गायनाला शिस्तबद्ध चौपदरी गायकवृंदाची जोड दिली. त्यांची कीर्ती इतकी होती की संगीतकार फ्रांझ शुबर्ट यांनी 1828 मध्ये त्यांच्यासाठी बायबलमधल्या 92 व्या स्तोत्राला हिब्रूतच चाल लावली. बर्लिनमध्ये लुई लेवांडोव्स्की यांनी तसेच काम केले. विसाव्या शतकाच्या आरंभी तर हझान ध्वनिमुद्रिकांवर पोचले. योसेले रोझेनब्लाट यांचा आवाज ऐकायला मोठमोठी सभागृहे भरत, आणि शिकागोच्या ऑपेराने मोठे मानधन देऊ केले तरी त्यांनी धार्मिक कारणावरून ते नाकारले. हा काळ हझानगायनाचे सुवर्णयुग म्हणून ओळखला जातो, आणि संगीताच्या दृष्टीने तो खरोखरच तसा होता. पण समुदायाचा दूत इतका उंच गाऊ लागल्यावर समुदाय हळूहळू श्रोता झाला. घरी जाऊन ते गाणे म्हणण्याची कोणाची टाप होती?

त्यावरची प्रतिक्रिया सिनेगॉगमधून न येता उन्हाळी शिबिरांतून आली. 1947 मध्ये विस्कॉन्सिन राज्यात रामा हे शिबिर सुरू झाले आणि 1952 मध्ये त्याच राज्यात ओकोनोमोवॉक येथे रिफॉर्म या उदारमतवादी ज्यू पंथाचे शिबिर उभे राहिले. तेथे जेवणानंतर, तळ्याकाठी, शेकोटीभोवती मुले गात, आणि गाणे असे असे की दुसऱ्यांदा ऐकताना ते म्हणता यावे. त्याच वातावरणातून पुढे आलेल्या डेबी फ्रीडमन (1951–2011) यांचा पहिला संग्रह 1972 मध्ये आला. गिटारवर म्हणता येतील अशा त्यांच्या चाली, हिब्रू आणि इंग्रजी एकत्र विणलेले शब्द, आणि आजारी माणसासाठी म्हणायच्या ‘मी शेबेराख’ या प्रार्थनेला त्यांनी दिलेले रूप आज असंख्य सिनेगॉगमध्ये ऐकू येते. जुन्या वळणाच्या हझानांनी या चालींवर टीका केली. नुसाख विसरला जाईल, प्रायश्चित्तदिन आणि शिबिराची संध्याकाळ एकाच सुरात जाईल, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते मला अगदीच खोटे वाटत नाही. सोपी चाल सगळीकडे चालते म्हणूनच ती कोठल्याच वेळेची राहत नाही. तरीही ज्या हिब्रू युनियन कॉलेजने 1948 मध्ये न्यूयॉर्कमध्ये हझान घडवणारी शाळा काढली, त्याच संस्थेने फ्रीडमन यांच्या मृत्यूनंतर त्या शाळेला त्यांचे नाव दिले. वाद मिटला असा याचा अर्थ नव्हे. दोन्ही प्रकारची कामे हझानाला यावीत हे मान्य झाले एवढेच.

याच शाळेतून 1975 मध्ये बार्बरा ऑस्टफेल्ड या पहिल्या स्त्री हझान बाहेर पडल्या. परंपरा आणि बदल यांच्या मधली वाट धरणाऱ्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाने 1987 मध्ये स्त्रियांना ही पदवी दिली. ऑर्थोडॉक्स म्हणजे परंपरानिष्ठ सिनेगॉगमध्ये आजही स्त्री-पुरुषांच्या एकत्र प्रार्थनेचे नेतृत्व पुरुषच करतात, आणि शब्बाथला वाद्य वाजवले जात नाही. म्हणून ‘गिटारवाला हझान’ हे चित्र सर्व ज्यूंचे आहे असे समजू नये.

आज अशा हझानाकडे कुटुंबशिक्षणाचे काम सोपवले तर तो किंवा ती नेमके काय करते? एक उदाहरण पुरेसे आहे, ते शनिवारच्या संध्याकाळचे. आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो आणि ‘हवदाला’ नावाचा छोटा विधी होतो. त्याला लागते अगदी थोडे : वेणीसारखी गुंफलेली, एकाहून अधिक वातींची मेणबत्ती, लवंग-दालचिनीसारख्या मसाल्याची डबी आणि द्राक्षरसाचा काठोकाठ भरलेला पेला. हझान कुटुंबांना दुपारीच बोलावतो. प्रथम आई-वडील वेगळ्या खोलीत बसून विधीचा अर्थ आणि त्याविषयीचे मतभेद मोठ्यांच्या पातळीवर शिकतात, कारण त्यांना बालगोष्टी सांगून भागत नाही. तोवर मुले मेण मऊ करून मेणबत्त्या वळत असतात आणि डब्यांत लवंगा भरत असतात. मग सगळे एकत्र येतात. आधी शब्दच नसलेली, केवळ ‘लाय लाय लाय’ अशी चाल घेतली जाते, म्हणजे ज्याला काहीच येत नाही त्यालाही पहिल्या मिनिटापासून गाता येते. दिवे मालवले जातात, मेणबत्ती मुलाच्या हातात जाते, डबी हातोहात फिरते आणि प्रत्येक जण खोल वास घेतो, मग सगळे जण बोटे वाकवून नखांवर पडलेला उजेड पाहतात. शेवटी ज्योत द्राक्षरसात बुडवली की ‘चर्र’ असा आवाज होतो, आणि लहान मुले तो आवाज पुन्हा करून दाखवा म्हणून हटकून मागणी करतात.

खरी परीक्षा मात्र पुढच्या शनिवारी असते. हातांनी केलेली मेणबत्ती आणि डबी घरी गेलेली असते, चाल ध्वनिमुद्रित करून दिलेली असते, आणि हझान आता तेथे नसतो. त्या संध्याकाळी घरात कोणी सुरुवात केली तर कार्यक्रम यशस्वी, नाही तर ती एक छान सहल झाली. अनुभवी शिक्षक म्हणूनच एका दिवसात चार विधी शिकवत नाहीत. एकच चाल शिकवतात. जिथे आई किंवा वडील ज्यू नसतात त्या घरांत हे आणखी जपून करावे लागते. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधनसंस्थेच्या 2020 च्या पाहणीनुसार 2010 नंतर विवाह केलेल्या अमेरिकन ज्यूंपैकी 61 टक्के लोकांचे जोडीदार ज्यू नव्हते. अशा जोडीदाराला आशीर्वादाचे शब्द आपले म्हणावेत की नाही असा प्रश्न पडू शकतो. निःशब्द चालीबाबत तो पडत नाही. तसेच, घरात काहीच सुरू न झालेल्या कुटुंबांसाठी कधी कधी गाण्याआधी पुस्तक पोचवावे लागते. मॅसॅच्युसेट्समध्ये 2005 साली सुरू झालेला पीजे लायब्ररी हा उपक्रम मुलांच्या नावे दर महिन्याला गोष्टीचे पुस्तक घरी विनामूल्य पाठवतो. रात्री ते वाचून दाखवणारा आई-बापच असतो, आणि वाचता वाचता त्याचेही शिक्षण होते.

मराठी वाचकाला या सगळ्यात एक ओळखीची गोष्ट दिसेल, आणि ती योगायोगाची नाही. कोकण किनाऱ्यावरील बेने इस्राएल या ज्यू समाजाने पुस्तके, रब्बी आणि हझान यांवाचून शेकडो वर्षे काढली. अलिबागजवळच्या नवगावी गलबत फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले असे हा समाज सांगतो. तेलाचा व्यवसाय करणारी ही माणसे शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. हिब्रू विसरले गेले, पण ‘शमा इस्राएल’ (‘ऐक, हे इस्राएल’) ही प्रार्थनेची एक ओळ राहिली. सण राहिले ते स्वयंपाकघरातून आणि घरच्या नावांनी : नव्याचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा रोजा. म्हणजे शाळा नसताना कुटुंबशिक्षण एकट्याने किती दूर चालू शकते, याचे हे जगातले एक ठळक उदाहरण आहे. पुढे कोचीनच्या ज्यूंकडून धर्मशिक्षक आणि हझान आले, सॅम्युएल दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले, आणि 1874 मध्ये पुण्यात सेदेरचा ग्रंथ मराठी भाषांतरासह छापला गेला. त्यातील चित्रांत साड्या नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात.

त्यानंतर या समाजाने जे केले ते डेबी फ्रीडमन यांच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी केले. सिनेगॉगमधली हिब्रू प्रार्थना बायकामुलांना आणि अनेक पुरुषांना समजत नव्हती, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या बेने इस्राएलांनी कीर्तन उचलले. पूर्वरंग-उत्तररंगाची ती परंपरा, कथेच्या मध्ये येणारी पदे, साक्या आणि दिंड्या, पण आख्यान योसेफाचे किंवा मोशेचे. हझान सिनेगॉगमध्ये समाजाच्या वतीने हिब्रूत गात असे, आणि कीर्तनकार त्याच समाजाला मराठीत गायला लावत असे. जी दोन कामे अमेरिकेत एकाच माणसावर येऊन भांडली ती येथे दोघांनी वाटून घेतली. इस्राएलला स्थलांतर झाल्यावरही त्यांतली काही पदे तिकडच्या मराठी बोलणाऱ्या बायकांनी वह्यांत आणि गळ्यात जपली.

आणि मलिदा. लग्न ठरले, नवस फेडायचा असला, घरात काही शुभ घडले की हा समाज गूळ किंवा साखर आणि ओले खोबरे घातलेल्या पोह्यांचे ताट करतो, त्यावर फळे मांडतो आणि संदेष्टा एलिया याच्या नावाने गातो. ‘एलियाहू हन्नाबी’ हेच नाव जगभरचे ज्यू शनिवारी संध्याकाळी हवदालाची मेणबत्ती विझताना घेतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला तर त्याचा रथ उतरल्याची खूण खडकावर दाखवतात. गाण्याची कडवी घरातल्या वडीलधाऱ्यांना पाठ असतात. ध्रुपद मात्र ताटाकडे डोळे लावून बसलेली मुलेही म्हणतात, आणि फळांचे आशीर्वाद एकेक करून संपेपर्यंत त्यांना म्हणतच राहावे लागते.